बॅटल ब्रदर्स : पहिले तीस दिवस कंपनी जगवायची कशी?

बारगीर

हा गेम बरेच जण सेलमध्ये घेतात, दहाव्या-बाराव्या दिवशी कंपनी गारद झाली की 'फासे खोटे आहेत' म्हणतात आणि सोडून देतात. फासे खरे आहेत. मरण येतं ते ढाली नसल्यामुळे, गडी थकल्यामुळे आणि पैसे भलतीकडे घातल्यामुळे. तेवढ्याचसाठी हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हॅम्बुर्गच्या ओव्हरहाइप स्टुडिओजचा गेम, मार्च २०१७ मध्ये पूर्ण स्वरूपात आला. मध्ययुगीन जर्मनीच्या वळणाचा मुलूख, आणि तुम्ही भाडोत्री सैनिकांच्या टोळीचे म्होरके. नकाशावर फिरून कामं घ्यायची, रोजचा पगार वाटायचा, लढाई लागली की षट्कोनी घरांच्या पटावर एकेक गडी आळीपाळीने हलवायचा. मेलेला गडी परत येत नाही.

आता मुद्दा. मराठ्यांच्या घोडदळात शिलेदार स्वतःचं घोडं-हत्यार घेऊन यायचा आणि बारगिराला ते सरकारातून मिळायचं. या गेममध्ये तुमचे जवळपास सगळे गडी बारगीर. शेतमजूर येतो तो हातात काटा घेऊन. पुढे त्याच्या अंगावर जे काही चढतं ते कंपनीचं. गडी पडला पण लढाई जिंकलात, तर त्याचं चिलखत आणि हत्यार परत सामानात येतं. ऐकायला निष्ठुर वाटेल, पण सुरुवातीला चिलखत हे भांडवल आणि गडी हा खर्च. नवखे नेमके उलटं करतात. पहिल्या हजार-दोन हजार क्राउनमध्ये एकच महागडा योद्धा ठेवतात, त्याचा पगार भागवता भागवता बाकीचे उघड्या अंगाने उभे.

सुरुवातीला तीन गडी असतात. आठवड्याभरात ते सात-आठ करा, सगळे स्वस्तातले. प्रत्येकाला ढाल आणि भाला. शिरस्त्राण कसलंही चालेल, पण डोकं उघडं नको. डोक्यावर घाव बसण्याची शक्यता साधारण चारात एक, आणि बसला की जिवाला दीडपट लागतं.

षट्कोनी

भालाच का, ते आकड्यांत सांगतो. घाव लागण्याची शक्यता म्हणजे मारणाऱ्याचं मेली स्किल (हातघाईचं कौशल्य) वजा समोरच्याचा मेली डिफेन्स (हातघाईतला बचाव). बस, एवढंच. नव्या गड्याचं स्किल ४७ ते ५७ च्या आसपास असतं. धरू ५२. समोर डिफेन्स १० चा दरोडेखोर, हातात १५ ची लाकडी गोल ढाल. ५२ वजा २५ म्हणजे २७ टक्के. चार वार केले तर एक लागणार. कुऱ्हाड घेऊन पाठवलेला नवा गडी हेच करतो आणि मग आपण फाशांना शिव्या देतो.

भाल्याच्या वाराला मुळातच २० जास्त मिळतात, तेव्हा ४७. शेजारी आपले आणखी दोघे त्याच शत्रूला भिडलेले असतील तर पहिल्यानंतरच्या प्रत्येकाचे ५, म्हणून ५७. उंचावरच्या घरातून मारलात तर आणखी १०, म्हणजे ६७. गडी तोच, पगार तोच, २७ चे ६७ झाले. तलवारीला १० मिळतात, कुऱ्हाड-गदा-हातोड्याला काही नाही. म्हणून ती हत्यारं स्किल सत्तरीला पोचल्यावर.

आणि वरची मर्यादा ९५, खालची ५. शंभर टक्के असं काही नाही.

चिंचवडची_चिमणी

पण ७० टक्के दाखवत असताना लागोपाठ तीन वार चुकतात, हे तर गणितात बसत नाही ना?

षट्कोनी

बसतं की. ०.३ चा घन ०.०२७, म्हणजे २.७ टक्के. एका मध्यम लढाईत आपल्या बाजूने साठेक वार होतात. त्यात सलग तिघांचे ५८ गट पडतात. ५८ गुणिले ०.०२७ म्हणजे सरासरी दीड. सरासरीने लढाईत एक-दोनदा हे दिसणारच. कधीच न दिसलं तर उलट शंका घ्यायला हवी.

म्हणून 'हा वार लागला तर वाचलो' अशी चाल करायचीच नाही. वार चुकला तर हा गडी कुठे उभा असेल आणि त्याच्याभोवती किती शत्रू असतील, हे आधी बघायचं. घेरल्याचा फायदा त्यांनाही तसाच मिळतो.

मुठाकाठ

रांगेबद्दल लिहितो, कारण निम्मे लोक इथेच मरतात.

पुढच्या रांगेत ढालवाले खांद्याला खांदा लावून. मागे दोन घरं पल्ला असलेली लांब दांड्याची हत्यारं: बिलहुक, पाइक, नाहीतर सुरुवातीला साधा पिचफोर्क. रांगेची दोन्ही टोकं दगड, झाड किंवा चढाला टेकवा. टोकाचा गडी सगळ्यात चिवट हवा, कारण त्याच्यावर तिघे येतात आणि मधल्यावर दोघे. दलदलीत लढाई लागली तर शत्रूला तिथे येऊ द्या, आपण कोरड्यात थांबा. दलदलीत हल्ला आणि बचाव दोन्ही घसरतात.

ढालबंदी, म्हणजे शील्डवॉल, केली की बचाव १५ ने वाढतो आणि शेजारच्याचीही ढालबंदी असेल तर त्याचे ५ वेगळे. पण त्याला ४ एपी (एका फेरीत हालचालींसाठी मिळणारे गुण) आणि २० फटीग (थकवा) लागतो, आणि हिशेब चुकतो तो इथे. दर फेरीला एपी मिळतात ९, फटीग उतरतो १५. गड्याची मूळ फटीग-क्षमता ९५ धरा. चिलखताचं ओझं १८, शिरस्त्राणाचं ८, ढालीचं १४ वजा केलं तर उरले ५५. दर फेरीत ढालबंदी २० आणि भाल्याचा एक वार १० केला तर खर्च ३०, उतरले १५, अंगावर चढले १५. तिसऱ्याच फेरीत तुमचा ढालवाला हात टेकतो. पुढे तो नुसता उभा राहून मार खातो.

तेव्हा ढालबंदी शत्रू भिडायच्या आदल्या फेरीला आणि बाण येत असताना. एकदा भिडले की ज्याच्यावर दोघे-तिघे आहेत त्यानेच करायची, बाकीच्यांनी मारायचं.

भाल्याची भिंत, म्हणजे स्पिअरवॉल, हे दुसरं प्रकरण. जवळच्या घरात शिरणाऱ्याला फुकटचा वार बसतो आणि लागला तर तो तिथेच अडतो. पण शत्रू आधीच शेजारी असेल तर ती लावता येत नाही, आणि एक जरी आत घुसला तरी मोडते. लांडगे आणि हलक्या चोरट्यांविरुद्ध उत्तम. चिलखत घातलेल्या ऑर्कांविरुद्ध (धिप्पाड राक्षसी जमात) लावू नका, ते रेटून आत येतात.

गुरुवारची_वीज

एक अगदी स्थानिक सूचना. लढाईच्या मधे सेव्ह होत नाही. पुण्यात दुरुस्तीचा म्हणून गुरुवार असतो, तेव्हा डेस्कटॉपवाल्यांनी यूपीएसशिवाय त्या दिवशी मोठी लढाई काढू नये. आयर्नमॅन लावला असेल तर एकच सेव्ह, ती बिघडली तर कंपनी गेली. लढाईला भिडण्याआधी मुख्य मेनूत जाऊन परत या, म्हणजे ताजी सेव्ह पडते. गेम साध्या लॅपटॉपवर चालतो. फक्त तीस-चाळीस जणांच्या लढाईत संगणकाची पाळी रेंगाळते.

तिरकस_कट्यार

बारगीर यांनी चिलखत हे भांडवल म्हटलं, ते मिळवायचं कसं हे राहिलं. बाजारातून नाही. जाळीदार चिलखत विकत घ्यायचं तर तीन-चार कामांची कमाई जाते. तेच चिलखत रेडर, म्हणजे मुरलेला दरोडेखोर, अंगावर घालून तुमच्याकडे चालत येतो. प्रश्न एवढाच की ते न फाडता काढायचं कसं. मारामारीत फार फुटलेलं चिलखत लुटीत येतच नाही, आणि आलं तरी चिंधी झालेलं असतं.

यासाठी खंजीर. त्याचा भोसकण्याचा वार, पंक्चर, चिलखताला हात न लावता थेट जिवावर जातो. तो नेहमी धडावरच बसतो, त्यामुळे शिरस्त्राणही शाबूत राहतं. (शुक्रवार पेठेत केळकर संग्रहालयात कट्यारी बघा. जाळीच्या कड्या फाकवून आत जाईल असं जाड टोक दिसेल. तेच तत्त्व.) किंमत म्हणजे वार लागण्याची शक्यता १५ ने कमी.

करायचं असं. लढाई सुरू होताच शत्रूंवर कर्सर नेऊन कोणाच्या अंगावर काय आहे ते बघा आणि एकच जण निवडा, फार तर दोन. दोन हातांचं हत्यार असलेला निवडू नका. तो मरेपर्यंत तुमचे दोघे मारेल. ढाल-तलवारवाला बरा. त्याच्यावर कुऱ्हाड, हातोडा, बाण काहीही चालवायचं नाही. एका ढालवाल्याने त्याला अडवून ठेवायचं आणि बाकीच्यांनी इतर शत्रू संपवायचे. तो एकटा उरला की घेरा घाला. चौघे भिडले की घेरल्याचे १५ मिळतात, म्हणजे खंजिराचे वजा १५ फिटले. सहा घरं भरली तर २५, आणि तुम्ही १० ने वर.

मग तिघांनी खंजीर काढायचा. प्रत्येकाकडे झोळीचे दोन कप्पे असतात, त्यातला एक खंजिराचा. हत्यार बदलायला ४ एपी आणि भोसकायला ४, म्हणजे बदलण्याच्या फेरीत एकच वार, पुढच्या फेरीपासून दोन. डॅगर मास्टरी (खंजिराचं खास कसब) घेतलेला ३ एपीत भोसकतो, त्याचे तीन वार होतात. एखादा गडी असा मुद्दाम घडवावा, कंपनीचा न्हावी म्हणून. उरलेल्यांनी ढालबंदी करून फेरी सोडायची. हात शिवशिवले तरी मारायचं नाही.

आता फसतं कुठे. तीन-चार वार बसले की त्याचा धीर सुटतो आणि तो पळायला बघतो. शेजारून पळणाऱ्यावर प्रत्येक जण आपोआप एक वार करतो, आणि तो हातात असेल त्या हत्याराने. समजा घेऱ्यात एकाच्या हातात कुऱ्हाड राहिली. पाच फेऱ्या जपलेलं चिलखत त्या एका घावात उघडं. म्हणून एक तर सहाही घरं बंद करा, म्हणजे पळायला जागाच नाही, नाहीतर घेऱ्यातल्या सगळ्यांच्या हातात खंजीर द्या. आधी जाळं फेकलं तर आणखी सोपं; जाळ्यात त्याचा बचाव पडतो आणि पाय अडकतात. शिकारी कुत्रा सोडला असेल तर तो आवरता येत नाही, तेव्हा अशा लढाईत कुत्रा सोडूच नका.

दुसरी चूक म्हणजे थकलेल्या गड्यांनी घेरा घालणं. भोसकायला फटीग बराच लागतो. घेरा पूर्ण झाला की सगळ्यांनी एक फेरी नुसतं उभं राहून दम खावा. रेडर एकटा आहे, तुम्ही सहा. घाई कोणाला?

पेठेतला_पाटा

एका सदऱ्यासाठी दहा फेऱ्या. तेवढ्यात दुसरं काम होतं. सरळ मारा, जे मिळेल ते विका, दुकानातून घ्या. वेळेलाही किंमत आहे.

तिरकस_कट्यार

विकताना मूळ किमतीच्या कितीतरी खाली मिळतं आणि घेताना वर द्यावं लागतं. मधला फरक दुकानदाराचा. शिवाय एक ते चार दुकान बंद असतं ही सोय या गेममध्ये नाही, म्हणून वेळ वाचवायची एवढी चिंता नको. विसाव्या दिवसानंतर पैसा खेळायला लागला की नका करू. पहिली चार चिलखतं अशीच निघतात.

आणि विकायचंच असेल तर आधी दुरुस्त करून विका. सामानातल्या वस्तूवर ऑल्ट दाबून राइट क्लिक केलं की ती दुरुस्तीच्या यादीत जाते, गडी प्रवासात ठोकाठोक करतात. महाग चिलखताला हे परवडतं. फाटक्या कातडी अंगरख्यावर टूल्स घालवू नका.

मुठाकाठ

कोणाशी लढायचं नाही हेही लिहून ठेवू. पहिल्या तीस दिवसांत गॉब्लिन नको. विषारी बाण, जाळी, आणि हाताला लागत नाहीत. पाठीमागे धावलात की रांग मोडते, त्यांना तेच हवं असतं. नकाशावर दिसले तर रस्ता बदला. तरुण ऑर्क दोन-तीन असतील तर एक वेळ चालेल, पण ते दुरून धडक मारून येतात, तेव्हा मागच्या रांगेला नाजूक गडी नको.

उठलेली मढी, म्हणजे वीडरगँगर, नवशिक्यांसाठी चांगली. हळू चालतात, बचाव कमी. फक्त पडलेली पुन्हा उठतात. मुंडकं उडालं तर उठत नाहीत, म्हणून एक-दोघांकडे क्लीव्हर किंवा कुऱ्हाड द्या आणि शेवटचा घाव त्यांना घालू द्या. सोबत नेक्रोमॅन्सर (मढी उठवणारा मांत्रिक) असेल तर आधी तो. नाहीतर रात्रभर तीच मढी मारत बसाल. वर कुत्रा सोडू नका म्हटलंय, इथे मात्र दोन सोडा, थेट त्याच्यावर.

नाखझेरर प्रेतं खाऊन मोठे होतात आणि सगळ्यात मोठा झालेला अख्खा गडी गिळतो. गिळलेला लगेच मरत नाही, त्याला मारलं की बाहेर पडतो. त्यांचं पहिलं प्रेत पडलं की त्या घरावर आपला गडी उभा करायचा. उभं राहिलेल्या घरातलं प्रेत खाता येत नाही.

षट्कोनी

पर्कबद्दल (लेव्हल वाढली की गड्याला मिळणारं खास कसब) कोणी विचारण्याआधी सांगून टाकतो. अकराव्या लेव्हलपर्यंत दहा पर्क मिळतात. लेव्हलला आठातले तीन गुण वाढवता येतात. मेली स्किल आणि मेली डिफेन्स प्रत्येकी १ ते ३. सरासरी २ धरली तर दहा लेव्हलांत २० ची भर. म्हणजे ४७ वर आलेला गडी ६७ ला थांबतो आणि ५७ वाला ७७ ला. कोणाला आधी चिलखत द्यायचं ते यावरून ठरवा. ज्या गुणापुढे चांदण्या आहेत तिकडे भर जास्त पडते.

स्टुडंट पर्कने अनुभव २० टक्के जास्त मिळतो आणि अकराव्या लेव्हलला तो पर्क परत हातात येतो. पण सुरुवातीला प्रत्येकाला देऊ नका, तोवर जगायचं कशाने?

पेठेतला_पाटा

निंबल घ्या, मोकळे व्हा. हलकं चिलखत, दम भरपूर.

षट्कोनी

पहिल्या महिन्यात निंबल की बॅटल फोर्ज्ड हा वादच नाही, दोन्ही पर्क वरच्या पायऱ्यांवर आहेत. तरी सांगतो. निंबलमध्ये चिलखत आणि शिरस्त्राणाचं मिळून ओझं १५ च्या आत ठेवलं तर जिवावरचा मार ६० टक्क्यांनी कमी होतो. बॅटल फोर्ज्डमध्ये अंगावर त्या क्षणी जितकं चिलखत आहे त्याच्या ५ टक्के इतकी चिलखतावरच्या माराला सूट. धड ३०० आणि डोकं ३०० असेल तर ३० टक्के. चिलखत फुटत गेलं की सूटही घटते. थोडक्यात, ज्याची फटीग कमी पण जीव मोठा त्याला निंबल. ज्याची फटीग १२० च्या पुढे नेता येते त्याला लोखंड.

बारगीर

भरतीचं राहिलं होतं. शेतमजुराला जीव आणि दम दोन्ही चांगले, पगार कमी. ब्रॉलर, मिलिशिया, लाकूडतोडे चालतात. शिकारी मिळाला तर धनुष्य द्या, महाग असला तरी घ्या. भिकारी आणि पांगळा हे रांग भरायला. ठेवण्याआधी थोडे पैसे देऊन चाचणी घेता येते, त्यात अंगचे गुण-दोष उघडे पडतात. दम्याचा रोगी किंवा भित्रा निघाला तर तेवढ्यावर सुटका. पूर्ण रक्कम मोजून मग कळण्यापेक्षा बरं.

साधू दिसला की उचला. हातात हत्यार धरता येत नसलं तरी रिझॉल्व्ह (धैर्य) उंच असतो. २००० क्राउन जमवून कंपनीचं निशाण करून घेण्याची महत्त्वाकांक्षा घ्या आणि ते त्याच्या हाती द्या. चार घरांच्या आतल्या सगळ्यांना त्याच्या धैर्याचा काही वाटा मिळतो. शेजारचा मेला की इतरांचा धीर सुटतो आणि एकापाठोपाठ एक पळत सुटतात, ते यानेच थांबतं. त्याला दुसऱ्या रांगेत मधोमध ठेवा. निशाणाचा दांडा दोन घरांपर्यंत पोचतो, मागून टोचतही राहील.

खाण्याचा हिशेब: माणशी रोज २. बारा जणांना पाच दिवसांसाठी १२०. धान्य-मासे नासतात, तेव्हा स्वस्त मिळाले म्हणून महिन्याचा साठा भरू नका.

चिंचवडची_चिमणी

निशाणवाल्याशेजारी बिलहुकवाले दोघे ठेवलेत. पुढची रांग फुटून शत्रू त्यांना चिकटला की ते नुसते उभे राहतात का? मागे सरकवावं तर फुकटचा वार बसतो.

मुठाकाठ

चिकटलेल्यालाही मारता येतं, शक्यता १५ ने कमी होते एवढंच. मागे सरकू नका. तो वार लागला तर गडी जागचा हलतही नाही आणि एपी जातात ते वेगळेच. त्यांच्या झोळीत एक ढाल आणि एक भाला ठेवा. नुसता भाला काढायला ४ एपी, उरलेल्या पाचात एक वार होतो. बिलहुक दोन हातांचा असल्यामुळे तो आधी झोळीत जातो, म्हणून एक कप्पा रिकामा होतोय ना ते लढाईआधी तपासा.